पाथ ॲपची एक अनपेक्षित विनंती: वेब-रहदारी तपासण्याच्या साधनाने उघड केलेले प्रकरण

फेब्रुवारी 2012 मध्ये सिंगापूर येथील सॉफ्टवेअर विकासक अरुण थंपी यांनी पाथ या समाजमाध्यमाच्या ॲपची सर्व्हरशी चाललेली देवाणघेवाण पाहायला घेतली, तेव्हा कुणाची चूक पकडण्याचा त्यांचा हेतू नव्हता. त्यांच्याकडे ठरावीक काळाने हॅकेथॉन, म्हणजे थोड्या वेळात नवे सॉफ्टवेअर लिहून पाहण्याचा उपक्रम, होत असे आणि त्यासाठी मॅक संगणकावर चालणारे पाथचे ॲप लिहून पाहावे, असा त्यांचा विचार होता. दुसऱ्याच्या सर्व्हरशी बोलणारा प्रोग्राम लिहायचा, तर मूळ ॲप त्या सर्व्हरला कोणत्या पत्त्यावर, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या स्वरूपात काय पाठवते, हे आधी समजून घ्यावे लागते. त्यासाठी त्यांनी मिटमप्रॉक्सी हे साधन निवडले. आदल्याच दिवशी ते हॅकर न्यूज या तंत्रज्ञांच्या चर्चा-संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर झळकले होते. वेब-रहदारी तपासणाऱ्या साधनाचा हा अगदी नेहमीचा, विकासकाच्या रोजच्या कामातला वापर होता, आणि त्यातून पुढे जे घडले त्याचे परिणाम ॲपलच्या कार्यप्रणालीपर्यंत (ऑपरेटिंग सिस्टिम) आणि ग्राहकहित जपणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपर्यंत पोहोचले. म्हणूनच हे प्रकरण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रत्येकाने बारकाईने वाचावे असे मला वाटते.

पाथ ही 2010 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे स्थापन झालेली कंपनी होती. फेसबुकमध्ये पूर्वी काम केलेले डेव्ह मॉरिन तिचे प्रमुख होते. हजारो ओळखीपाळखींच्या गर्दीऐवजी थोड्या, जवळच्या माणसांशी मोकळेपणाने बोलण्याची जागा, अशी तिची ओळख होती. सुरुवातीला एका वापरकर्त्याला फक्त 50 मित्र जोडता येत असत आणि पुढे ही मर्यादा 150 करण्यात आली. नोव्हेंबर 2011 मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीची मांडणी लोकांना फार आवडली. खाजगीपणा हाच ज्या सेवेचा मुख्य गुण म्हणून सांगितला जात होता, तिच्याच बाबतीत हे प्रकरण घडले.

मिटमप्रॉक्सी हे आल्दो कोर्तेसी यांनी सुरू केलेले मुक्त-स्रोत (ज्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे असे) साधन आहे. फिडलर आणि चार्ल्स ही त्याच कामाची आणखी दोन परिचित साधने. तिन्हींचे मूळ तत्त्व एकच आहे. फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये प्रॉक्सी, म्हणजे मधला मध्यस्थ, म्हणून आपल्या संगणकाचा पत्ता आणि पोर्ट क्रमांक भरला (मिटमप्रॉक्सीचे ठरलेले पोर्ट 8080 आहे), की फोनवरील ॲपच्या विनंत्या थेट बाहेर न जाता आधी त्या संगणकाकडे येतात, तेथे नोंदवल्या जातात आणि मग पुढे जातात. उत्तरेही त्याच वाटेने परत येतात. साध्या एचटीटीपीसाठी एवढे पुरते. एचटीटीपीएस या कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) प्रकाराच्या बाबतीत मात्र मधला संगणक फक्त कूटबद्ध बाइट पाहू शकतो, कारण फोन सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासूनच संवाद सुरू करतो. ही अडचण दूर करण्यासाठी साधन स्वतःचे एक मूळ प्रमाणपत्र तयार करते, ते वापरणाऱ्याने स्वतःच्या फोनमध्ये विश्वासार्ह म्हणून बसवायचे असते, आणि त्यानंतर फोन ज्या ज्या सर्व्हरला हाक मारेल त्याच्या नावाचे प्रमाणपत्र साधन त्याच क्षणी बनवून, त्यावर स्वतःची सही करून फोनपुढे ठेवते. परिणामी फोन आणि साधन यांच्यात एक कूटबद्ध जोडणी होते, साधन आणि खरा सर्व्हर यांच्यात दुसरी होते, आणि मधल्या ठिकाणी मजकूर उघडा वाचता येतो. हे दुसऱ्याच्या नकळत करता येत नाही. ज्याच्या हातात फोन आहे त्याने प्रमाणपत्र बसवण्याची संमती दिल्यावरच हे शक्य होते, आणि म्हणून हे साधन फोनच्या मालकाला स्वतःच्याच फोनमधून काय बाहेर जाते ते दाखवणारे आहे.

थंपी यांच्यासमोरच्या यादीतील सुरुवातीच्या विनंत्या निरुपद्रवी होत्या. मग एक पोस्ट विनंती, म्हणजे सर्व्हरला माहिती पाठवणारी विनंती, दिसली. तिच्या पत्त्यातच ‘कॉन्टॅक्ट्स’ आणि ‘ॲड’ हे शब्द होते, आणि ती उघडल्यावर आतमध्ये त्यांच्या फोनमधील संपूर्ण ॲड्रेस बुक (संपर्कयादी) प्लिस्ट या ॲपलच्या नेहमीच्या रचनेत पाथच्या सर्व्हरकडे जात असल्याचे आढळले. पूर्ण नावे, ईमेल पत्ते आणि फोन क्रमांक अशी सगळी माहिती त्यात होती.

येथे क्षणभर थांबायला हवे, कारण या साधनाच्या वापरातील सर्वांत महत्त्वाची सवय याच ठिकाणी दिसते. डिबगिंग, म्हणजे सॉफ्टवेअरमधील दोष शोधण्याचे काम, करताना आपण बहुधा बिघडलेली विनंती शोधत असतो; चारशे किंवा पाचशेच्या घरातला, म्हणजे विनंती फसल्याचे सांगणारा, स्थिती-संकेत दिसला की त्यावर गाळणी लावतो आणि उरलेली यादी नजरेआड करतो. पाथची ही विनंती बिघडलेली नव्हती. प्रोग्रामच्या दृष्टीने सगळे काही सुरळीत होते आणि कुठलाही दोष-संदेश येण्याचे कारण नव्हते. ती सापडली, कारण थंपी यशस्वी विनंत्याही एकेक करून उघडत होते. ज्याला दुसऱ्याच्या ॲपची नक्कल करायची आहे त्याला प्रत्येक विनंतीचा अर्थ लावावाच लागतो, तर स्वतःचे ॲप तपासणाऱ्याला आपल्याला सगळे माहीत आहे असे वाटत असते. माझ्या मते हा फरकच या प्रकरणाचा गाभा आहे: पाथमधील अभियंत्यांच्या हातातही हीच साधने होती, आणि परक्याच्या नजरेने स्वतःची यादी एकदा वरपासून खालपर्यंत वाचली असती, तर हाच प्रश्न त्यांच्याच बैठकीत निघाला असता.

थंपी यांनी पुढे जे केले त्याला मी तितकेच महत्त्व देतो. ॲड्रेस बुक पाठवण्याची परवानगी दिल्याचे त्यांना आठवत नव्हते. पण न आठवणे हा पुरावा होत नाही, कारण जुन्या खात्यात कधीतरी एखादे बटण दाबले गेले असण्याची शक्यता उरते. म्हणून त्यांनी पाथवर अगदी नवे खाते उघडले आणि तोच प्रयोग पुन्हा केला. परिणाम तोच आला. पूर्वी दिलेल्या संमतीची शक्यता या एका पुनरावृत्तीने बाजूला पडली, आणि निरीक्षणाचे रूपांतर कुणालाही पडताळता येईल अशा विधानात झाले. 8 फेब्रुवारी 2012 रोजी त्यांनी हे सर्व आपल्या ब्लॉगवर लिहिले आणि इतरांनाही करून पाहता यावे म्हणून कृती दिली. लेखाचा सूर संयमित होता: कंपनी या माहितीचा काही दुरुपयोग करते आहे असा आरोप त्यांनी केला नाही, आपली संपर्कयादी परस्पर तिसऱ्याच ठिकाणी साठवली जाते याबद्दलची अस्वस्थता मात्र स्पष्टपणे मांडली.

या पुराव्याची मर्यादाही लक्षात घेण्याजोगी आहे. प्रॉक्सीने दाखवले ते फोनमधून काय बाहेर पडले एवढेच. सर्व्हरवर पोहोचल्यावर त्या नावांचे काय झाले, ती जुळणी करून लगेच पुसली गेली की कायमची साठवली गेली, हे मधल्या जागेवर बसून कधीच कळत नाही. तो भाग कंपनीच्या स्वतःच्या बोलण्यातून उलगडला. मॉरिन यांनी थंपी यांच्या लेखाखालीच उत्तर देऊन खुलासा केला की, वापरकर्त्याला त्याचे मित्र आणि नातेवाईक लवकर सापडावेत आणि ओळखीचे कुणी पाथवर आले तर त्याला कळवता यावे, एवढ्यासाठीच ही यादी घेतली जाते. अँड्रॉइडवर संमती विचारण्याची सोय आधीच दिली आहे आणि आयफोनसाठी ती 2.0.6 या आवृत्तीत येत आहे, असेही त्यांनी सांगितले. त्यानंतर लगेचच, 8 फेब्रुवारीच्याच तारखेने, कंपनीने जाहीर माफी मागितली आणि तोवर जमा केलेली संपर्कमाहिती सर्व्हरवरून पुसून टाकल्याचे सांगितले. माहिती साठवली जात होती, याची कबुली त्यातच आली.

आणखी एक गैरसमज येथे दूर व्हावा. पाथची ती विनंती एचटीटीपीएसवरून जात होती, म्हणजे वाटेतल्या चोरापासून ती सुरक्षित होती. कूटबद्ध जोडणीमुळे मजकूर तिसऱ्याच्या हाती पडत नाही. तो मजकूर मुळात पाठवायला हवा होता का, या प्रश्नाशी त्या कुलपाचा काही संबंध नसतो. सुरक्षितता-तपासणीच्या यादीत ‘सर्व विनंत्या एचटीटीपीएसवर’ या ओळीपुढे खूण केली की काम संपले, असे मानणाऱ्या चमूंसाठी पाथचे उदाहरण पुरेसे आहे.

फेडरल ट्रेड कमिशनने पुढे जी तक्रार मांडली तिच्यात या प्रकरणाचा तपशील अधिक ठळकपणे आला आहे. पाथच्या आयफोन ॲपमध्ये मित्र जोडण्यासाठी तीन पर्याय होते: संपर्कयादीतून शोधणे, फेसबुकवरून शोधणे, किंवा ईमेल अथवा एसएमएसने निमंत्रण देणे. पडद्यावरची ही मांडणी पाहून वापरकर्त्याची अशी समजूत होणे स्वाभाविक होते, की पहिला पर्याय निवडला तरच संपर्कयादी वाचली जाईल. प्रत्यक्षात त्याने कोणताही पर्याय निवडला किंवा न निवडला, तरी 2.0 ही आवृत्ती पहिल्यांदा उघडताच यादी जात होती, आणि खात्यातून बाहेर पडून पुन्हा प्रवेश केला तर पुन्हा जात होती. नाव, पत्ता, फोन क्रमांक, ईमेल, फेसबुक व ट्विटरवरील नावे आणि जन्मतारीख, यांपैकी जे काही नोंदलेले असेल ते त्यात होते. कंपनीच्या गोपनीयता धोरणात मात्र आपोआप गोळा होणारी माहिती म्हणून आयपी पत्ता, कार्यप्रणाली, ब्राउझरचा प्रकार अशाच गोष्टी दिल्या होत्या. फेब्रुवारी 2013 मध्ये झालेल्या तडजोडीत कंपनीने 8 लाख डॉलरचा दंड भरला, गोपनीयतेची व्यवस्था उभारण्याचे आणि पुढील 20 वर्षे दर दोन वर्षांनी स्वतंत्र तपासणी करून घेण्याचे मान्य केले. दंडाची रक्कम 13 वर्षांखालील सुमारे 3,000 मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना घेतल्याच्या आरोपापोटी होती, हे येथे नोंदवले पाहिजे, कारण तो दंड ॲड्रेस बुकसाठीच झाला असे अनेकदा सांगितले जाते. पडदा एक सांगतो, धोरणाचा कागद दुसरे सांगतो आणि तारेवरून (प्रत्यक्ष नेटवर्कवरून) तिसरेच जाते, ही विसंगती ही तक्रारीची दुसरी बाजू होती, आणि ती सिद्ध करायला तारेवरचा पुरावाच लागतो.

ॲपलची बाजूही यात उघडी पडली. त्या काळी आयफोनवर एखाद्या ॲपला तुमचे स्थान हवे असेल, तर कार्यप्रणाली स्वतः परवानगी विचारत असे. संपर्कयादीसाठी मात्र असा कोणताही प्रश्न विचारला जात नव्हता. परवानगीविना माहिती पाठवू नये, असा नियम ॲप स्टोअरच्या नियमावलीत होता, पण नियम पाळला जातो की नाही हे पाहणारी तांत्रिक अट कार्यप्रणालीत नव्हती. इतर ॲपचीही चौकशी सुरू झाली आणि मित्र शोधण्याची सोय वापरणाऱ्यांची संपर्कयादी आपण 18 महिने ठेवतो, हे ट्विटरने मान्य केले. अमेरिकी काँग्रेसचे सदस्य हेन्री वॅक्समन आणि जी. के. बटरफील्ड यांनी 15 फेब्रुवारी रोजी ॲपलला पत्र लिहून विचारणा केली. त्याच दिवशी ॲपलने असे वर्तन नियमबाह्य असल्याचे सांगून पुढील आवृत्तीत स्पष्ट परवानगी सक्तीची करण्याचे जाहीर केले. सप्टेंबर 2012 मध्ये आलेल्या आयओएस 6 या आयफोनच्या कार्यप्रणालीत ती परवानगीची चौकट आली, आणि आज प्रत्येक आयफोनधारक जी चौकट पाहून ‘अनुमती द्या’ किंवा ‘नको’ म्हणतो, तिच्यामागे प्रॉक्सीच्या यादीतील त्या एका ओळीचा मोठा वाटा आहे.

मित्र शोधून देण्याची सोय स्वतःत वाईट नव्हती, म्हणून ती कशी करायला हवी होती हा प्रश्न उरतो. थंपी यांनी स्वतःच सुचवलेला मार्ग असा, की ईमेलसारखी माहिती आहे तशी न पाठवता फोनवरच तिचे हॅश (माहितीवरून गणिताने काढलेले, उलटे न फिरवता येणारे संकेत) काढून तेवढेच पाठवावेत. उघडी यादी पाठवण्यापेक्षा हे निश्चितच बरे. परंतु फोन क्रमांकांच्या बाबतीत हॅशचा आडोसा फारच पातळ ठरतो. भारतातील मोबाइल क्रमांक दहा आकडी असतो आणि 6 ते 9 यांपैकी एका आकड्याने सुरू होतो, म्हणजे एकूण शक्यता 400 कोटी. आजच्या ग्राफिक्स कार्डावर एवढ्या सगळ्या क्रमांकांचे हॅश काढून तक्ता बनवणे हे फार थोड्या वेळाचे काम आहे, आणि तक्ता हाती असल्यावर हॅशवरून क्रमांक शोधणे अगदी सोपे. ही अडचण इतकी खरी आहे, की सिग्नल या संदेश-सेवेने 2017 मध्ये सर्व्हरच्या चालकालाही यादी वाचता येऊ नये यासाठी प्रोसेसरमधील सुरक्षित कप्प्याचा आधार घेतला. सर्वसाधारण ॲपने एवढ्या खोलात जाण्याची गरज नाही. संपर्कयादी लागते ती वापरकर्त्याने मागितल्यावर, तेवढ्या कामापुरती, आणि काम होताच पुसण्यासाठी, एवढे पाळले तरी बहुतेक प्रश्न मिटतात.

आज हाच प्रयोग करू पाहणाऱ्याला परिस्थिती बदललेली आढळेल. आयओएस 10.3 पासून प्रमाणपत्र नुसते बसवून चालत नाही; सेटिंगमध्ये जाऊन त्याला पूर्ण विश्वास वेगळा द्यावा लागतो. अँड्रॉइड 7 पासून नव्या ॲपना वापरकर्त्याने बसवलेली प्रमाणपत्रे आपोआप मान्य होत नाहीत. स्वतःच्या ॲपसाठी मात्र नेटवर्क-सुरक्षेच्या फाइलमध्ये केवळ डिबग आवृत्तीपुरती तशी मुभा देता येते, आणि ती तेवढ्यापुरतीच ठेवावी. फ्लटर या ॲप बनवण्याच्या साधनसंचात लिहिलेली ॲप फोनची प्रॉक्सी-सेटिंग पाहतच नाहीत, त्यामुळे यादी रिकामी दिसते आणि नवखा विकासक काहीच जात नाही असे समजून निश्चिंत होतो. अशा वेळी मिटमप्रॉक्सीच्या 9 व्या आवृत्तीपासून असलेली वायरगार्ड पद्धत उपयोगी पडते, कारण तिच्यात फोनची सगळी रहदारीच आभासी खाजगी जाळ्यातून (व्हीपीएन) साधनाकडे वळवली जाते. काही ॲप ठरावीक प्रमाणपत्राखेरीज दुसरे कोणतेही स्वीकारत नाहीत. बँकेच्या ॲपसाठी ही खबरदारी योग्यच आहे. तरीही तिची एक किंमत आहे: पाथने ती घेतली असती, तर थंपी यांना ती विनंती दिसलीच नसती. म्हणूनच जी कंपनी बाहेरच्यांसाठी हे दार बंद करते, तिच्यावर आतून पाहण्याची जबाबदारी अधिक येते.

आपल्याच ॲपची अशी पाहणी करायची झाली, तर मला सर्वांत भरवशाची वाटणारी रीत खुणेच्या नोंदीची आहे. चाचणीच्या फोनमधील संपर्कयादीत इतरत्र कुठेही सापडणार नाही असे नाव, क्रमांक आणि ईमेल असलेला एक बनावट माणूस नोंदवावा. मग ॲप नव्याने बसवून पहिल्यांदा उघडणे, खाते तयार करणे, परवानगी नाकारणे, परवानगी देणे, बाहेर पडून पुन्हा आत येणे, या सगळ्या पायऱ्या प्रॉक्सी चालू ठेवून कराव्यात आणि नोंदलेल्या प्रत्येक विनंतीच्या मजकुरात तो बनावट माणूस शोधावा. मिटमप्रॉक्सीत विनंतीच्या मजकुरावर गाळणी लावता येते आणि पायथॉन या भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहून हा शोध ॲपच्या प्रत्येक नव्या बांधणीनंतर (बिल्ड) आपोआपही चालवता येतो. शोध घेताना क्रमांक देशाच्या संकेतासह, त्याविना आणि मोकळ्या जागा काढून असा सर्व रूपांत तपासावा. मजकूर बेस 64 किंवा प्रोटोबफ अशा रचनेत असेल तर तो उलगडल्याशिवाय काहीच सापडणार नाही. परवानगी नाकारल्यानंतरच्या पायरीत खुणेची नोंद कुठेही दिसली, तर ती आवृत्ती बाहेर पडता कामा नये.

या पाहणीत स्वतःच्या सर्व्हरइतकेच लक्ष परक्या पत्त्यांकडे द्यावे लागते. जाहिरात, आकडेवारी, दोष-नोंद अशा कामांसाठी जोडलेली तयार ग्रंथालये (लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेले कोडसंच) ॲपच्याच परवानग्या वापरतात, आणि ती काय पाठवतात हे मूळ चमूला बहुधा फक्त त्यांच्या माहितीपत्रकावरून ठाऊक असते. ॲपलने डिसेंबर 2020 पासून आणि गूगल प्लेने 2022 पासून कोणती माहिती गोळा होते ते ॲपच्या पानावर जाहीर करणे आवश्यक केले आहे. ते रकाने आठवणीवर विसंबून भरण्याऐवजी प्रॉक्सीच्या नोंदी समोर ठेवून भरावेत. भारतात या गोष्टीला आणखी एक गंभीर बाजू आहे. कर्ज देणाऱ्या ॲपनी कर्जदाराची संपर्कयादी उचलून त्याच्या नातेवाइकांना आणि सहकाऱ्यांना धमक्या दिल्याच्या तक्रारी महाराष्ट्रासह अनेक राज्यांतून आल्या, आणि रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत आपल्या नियंत्रणाखालील संस्थांच्या कर्ज-ॲपना संपर्कयादी, कॉलच्या नोंदी आणि फोनमधील फाइल वाचण्यापासून दूर राहण्यास सांगितले. वित्तसंस्थांसाठी ॲप लिहिणाऱ्या पुण्या-मुंबईतील चमूंसाठी खुणेची चाचणी ही त्यामुळे नियमपालनाचीही चाचणी ठरते.

शेवटी नोंदींच्या हाताळणीबद्दल. प्रॉक्सीने साठवलेल्या फाइलमध्ये परवलीचे शब्द, प्रवेश-चिन्हे (टोकन) आणि कुकी उघड्या स्वरूपात असतात, म्हणून ही तपासणी वैयक्तिक फोनवर न करता चाचणीसाठी वेगळ्या ठेवलेल्या फोनवर आणि चाचणी-खात्यांनीच करावी. दोष कळवताना पूर्ण फाइल जोडण्याऐवजी संबंधित विनंती तेवढी वेगळी काढावी आणि तिच्यातील ओळख-शीर्षके (वापरकर्त्याची ओळख पटवणारे हेडर) पुसावीत. मूळ प्रमाणपत्राची खाजगी किल्ली प्रत्येक संगणकावर वेगळी बनते. ती चमूत फिरवू नये, कारण ती ज्याच्या हाती असेल त्याला ते प्रमाणपत्र मानणाऱ्या प्रत्येक फोनची रहदारी वाचता येते. काम झाल्यावर फोनमधील प्रॉक्सी-सेटिंग बंद करावी आणि बसवलेले प्रमाणपत्र काढून टाकावे.